वाकडी दोरी आणि तरोट्याची भाजी

आधीच माफी मागून ठेवते. माझं शिक्षण चौथीपर्यंत. ऱ्हस्व-दीर्घ तेव्हाही कळत नव्हतं, आता तर विसरूनच गेलं. अक्षर पहिल्यापासून वाईट, आणि आता एका डोळ्याच्या भरवशावर लिहिते म्हणून ते ओळ सोडून खाली-वर पळतं. रेघांचा कागद घेतला आहे. रेघ डाव्या डोळ्यानं धरते आणि लिहिते. कुठं अक्षरावर अक्षर चढलं असेल तर वाचणाऱ्यानं समजून घ्यावं.

वाचणार कोण, तेही नक्की नाही. चार माणसांत मला बोलता येत नाही. विहारात बाया म्हणतात, तुम्हीही दोन शब्द बोला, तेव्हा मी खांबाच्या मागं सरकते. पण माझी धाकटी बहीण लीला सानगडीला असते. ती मागं फोनवर म्हणाली, "बाई, आमच्या दाराची चौकट वाकल्यासारखी दिसून राहिली. वाळवी लागली का काय माहीत."  मी तिला म्हणाले, आजच्या आज दवाखान्यात जा. काहून, ते मला फोनवर नीट सांगता आलं नाही. म्हणून लिहिते.

दोरीला पोट

आमचं गाव लाखांदूर तालुक्यातलं. भाताची रोवणी लागली की आमची बायांची टोळी गुत्त्यानं, ठेका ठरवून, काम घेते. आता काही शेतकरी दोरी लावून ओळीत रोवायला सांगतात. बांधीच्या, म्हणजे भाताच्या खाचराच्या, या धुऱ्याच्या बांधावर एक बाई, त्या धुऱ्यावर दुसरी, मधात दोरी ताणलेली. बाकीच्या बाया दोरीला धरून पऱ्हे, म्हणजे भाताची रोपं, रोवतात आणि मागं सरकतात. या टोकाला मी, त्या टोकाला सुशीला. दोरी सरळ आहे की नाही हे पाहायचं काम माझं. एक डोळा मिटायचा, दुसरा दोरीजवळ न्यायचा आणि दोरीवरून पलीकडं पाहायचं. बोलायचं काम नाही, नुसतं पाहायचं, म्हणून मला ते आवडायचं. लोक माझ्या ओळी पाहायला धुऱ्यावर थांबायचे.

दोन वर्षांपूर्वीची गोष्ट. मी नेहमीसारखा डावा डोळा मिटून उजव्यानं पाहिलं, तर दोरी मधात वाकलेली.

"सुशीला, तान वो दोरी! मधात पोट आलं तिले."

"तानलीच हाय! आनखी तानली त तुटन."

"मी पाहून राहिली ना, वाकडी हाय."

"पोट दोरीले नाही आलं, तुह्या डोळ्याले आलं असन!"

साऱ्या बाया हसल्या. मला राग आला. घरी-दारी न बोलणारी मी, पण दोरीवर माझा आवाज निघायचा. दिवसभर मी सुशीलाला टोचत राहिले आणि ती दोरी ताणत राहिली. तिच्या तळहाताला वळ उठले. संध्याकाळी ती मला न सांगता निघून गेली.

दुसऱ्या दिवशी मी उजवा डोळा मिटून डाव्यानं पाहिलं. दोरी सरळ. मग मी काय केलं? डोळा बदलला. बस. एका कमरेवर घागर जड झाली की आपण दुसऱ्या कमरेवर घेतो, तसा. उजवा थकला असेल, वय झालं, असं मनाला सांगितलं आणि डाव्यानं रोवणी पूर्ण केली. सुशीलाला काही बोलले नाही.

पिकू दे

दोन्ही डोळे उघडे असले की मला सगळं नीट दिसायचं. बैलजोडीतला एक बैल लंगडा झाला की दुसरा ओढून नेतो, तसा डावा उजव्याचं काम ओढत होता. म्हणून घरात कोणाला काही कळलं नाही आणि मलाही पुरतं कळलं नाही.

हिवाळ्यात चुलीजवळ डाव्या डोळ्यात राख उडाली. तो मिटला आणि उजव्यानं समोर पाहिलं. माझे मालक समोर बसून बिडी पीत होते. त्यांचे कान दिसत होते, खांदे दिसत होते, डोक्यावरचा दुपट्टा दिसत होता. तोंड नव्हतं. तोंडाच्या जागी धुरासारखा डाग. मी डोळा इकडं-तिकडं फिरवला तर डागही माझ्यासोबत फिरला.

"उजव्यानं कमी दिसून राहिलं," एवढंच मी म्हणाले.

"मोतीबिंदू असन," ते म्हणाले. "माह्या काकाले झालता. कच्चा काढत नाही. पिकू दे, मंग काढून टाकू."

ज्याला विचारावं तो हेच सांगायचा. मोतीबिंदू म्हणजे जणू आंबा, आढीत ठेवला की पिकणार. मीही वाट पाहिली. डाग मोठा झाला की वाटायचं, चला, पिकून राहिला.

मग पुढची रोवणी आली. पहिलीच बांधी. मी सवयीनं उजवा मिटला आणि डावा दोरीवर ठेवला. दोरी सरळ गेली, सरळ गेली आणि मधात किंचित वाकली. सापानं अंग चोरावं तेवढीच. चिखलाचं पाणी गेलं असेल म्हणून पदरानं डोळा पुसला. परत पाहिलं. तशीच.

"कशी हाय वो?" सुशीलानं पलीकडून विचारलं.

आता बदलायला तिसरा डोळा नव्हता.

"बराबर हाय," मी म्हणाले.

त्या बांधीतल्या ओळी सरळ आल्या की वाकड्या, मला आजही माहीत नाही.

घरी येऊन मी खिडकीसमोर उभी राहिले. उजवा झाकून गज पाहिले. मधला गज कमरेत वाकलेला. हात लावून पाहिला तर सरळ. हाताला सरळ आणि डोळ्याला वाकडा. मी तिथंच खाली बसले. सून वैशाली भाकरी टाकत होती. तिनं विचारलं, "काय झालं, आई?" तेव्हा मी पहिल्यांदा सगळं सांगितलं. दोरीचं, सुशीलाचं, डोळा बदलल्याचं. तिनं तवा खाली उतरवला. बारावी शिकलेली आहे ती. तिनं माझा हात धरला.

नागपूरचा दवाखाना

लाखांदूरच्या डोळ्यांच्या शिबिरात तपासणाऱ्यानं डोळ्यात थेंब टाकून पाहिलं आणि म्हणाला, हा मोतीबिंदू नाही, नागपूरला न्या, उशीर करू नका. दुसऱ्या दिवशी आम्ही एस.टी.नं निघालो. मी, मालक आणि वैशाली. मुलगा प्रमोद पुण्याला कंपनीत आहे, तो फोनवर होता.

दवाखान्यात भिंतीवर अक्षरांची पाटी होती. तपासणाऱ्या मुलीनं माझं लुगडं पाहिलं आणि न विचारता दुसरी पाटी लावली, न शिकलेल्यांची, नुसत्या चिन्हांची. मला वाचता येतं, असं सांगायचं माझ्या तोंडापर्यंत आलं आणि तिथंच राहिलं. डावा झाकून उजव्यानं पाहायला सांगितलं तेव्हा पाटीच दिसली नाही. भिंत दिसत होती, पाटीच्या जागी डाग.

डॉक्टर बाई लहान वयाच्या होत्या. त्यांनी मशीनवरचा फोटो आमच्याकडं वळवला. डोळ्याच्या आत मागं पडदा असतो, त्याच्या मधोमध जी जागा असते तिनं आपण तोंडं ओळखतो, वाचतो, सुईत दोरा ओवतो. म्हातारपणी काही लोकांची तीच जागा खराब होते. तिथं पाणी साचतं, रक्त झिरपतं.

"उजव्या डोळ्यात व्रण पडला आहे आजी," त्या म्हणाल्या. "तिथली नजर आता परत येणार नाही. बाजूचं दिसत राहील, मधलं नाही."

"मंग पिकल्यावर?" मालकांनी विचारलं.

"बाबा, मोतीबिंदूला उशीर चालतो. ह्याला चालत नाही."

 मग त्या डाव्या डोळ्याबद्दल बोलल्या. तिथं पाणी आताच साचायला लागलं होतं. डोळ्यात इंजेक्शन दिलं तर ते थांबवता येईल. एकदा नाही, सुरुवातीला दर महिन्याला. "तारीख चुकवायची नाही," असं त्यांनी मला, मालकांना आणि वैशालीला, तिघांनाही वेगवेगळं सांगितलं.

डोळ्यात सुई. मी तेवढंच ऐकलं. 

मला त्या वेळी माझी आई आठवली. म्हातारपणी ती माणसाकडं पाहून बोलायची नाही. समोर उभं राहिलं तर ती बाजूला, भिंतीकडं पाहायची. लोक म्हणायचे, म्हातारी गर्वाची झाली, तोंडाकडं पाहत नाही. आम्हा बहिणींनाही राग यायचा. आता कळलं, ती आमची तोंडं डोळ्याच्या कडेनं शोधत होती.

नर्सबाई

सुई दुसऱ्या दिवशी होती. ती द्यायच्या आधी एका नर्सबाईंनी खाण्यापिण्याचं विचारलं.

"पालेभाजी खाता का, मावशी?"

"सारंच खाते," माझ्याऐवजी मालक बोलले.

"नाही खात," वैशाली म्हणाली. "आम्हाले करून वाढते. स्वतः चटणी-भात खाते. तरोटा केला तर त्या दिवशी जेवतच नाही."

माझी मान खाली गेली. हे मी कधी कोणाला सांगितलं नव्हतं. लहानपणी पावसाळ्यात घरातला तांदूळ संपायचा, तेव्हा आई बोडीच्या, म्हणजे लहान तळ्याच्या, पाळीवरून तरोटा, टाकळ्याचा रानपाला, खुडून आणायची आणि मूठभर कण्या टाकून शिजवायची. सकाळी तेच, रात्री तेच. शाळेत मुली म्हणायच्या, तरोटेवाली आली. लग्न होऊन या घरी आले, इथं धान पुरत होतं, तेव्हा मनात ठरवलं की हा पाला आता तोंडात घालायचा नाही. हळूहळू सगळ्याच पाल्यावरून मन उठलं.

नर्सबाई हसल्या नाहीत. म्हणाल्या, "गडद हिरव्या पाल्यात जे असतं, तेच डोळ्याच्या त्या मधल्या जागेला लागतं. ते अंगात तयार होत नाही, खाऊनच मिळतं. पालक, मेथी, माठ, शेवगा, तुमचा तरोटा, जे मिळेल ते. पण एक ध्यानात ठेवा, गेलेलं भाजीनं परत येत नाही आणि सुईचं काम भाजी करत नाही. आणि घरात बिडी कोण पितं?"

मालकांनी छताकडं पाहिलं.

मग मला आत नेलं. डोळ्यात बधिर करायचे थेंब टाकले. तोंडावर एक कापड टाकलं, त्याला डोळ्यापुरतं भोक. पापण्या चिमट्यानं उघड्या धरल्या. मला वाटलं होतं सुई समोरून येताना दिसेल. दिसली नाही. "वर पाहा," म्हणाले, आणि कोणी अंगठ्यानं दाबावं तसा दाब आला. तेवढंच. ज्या सुईला मी रात्रभर भ्याले ती एवढीशी होती. पण लगेच डोळ्यासमोर काळे गोल तरंगायला लागले, पाण्यात गारगोट्या पडाव्या तसे. मी नर्सबाईंचा हात घट्ट पकडला.

"गेला," मी म्हणाले. "माहा डोळा गेला."

"हवेचे बुडबुडे आहेत, मावशी. उद्यापर्यंत विरतील. हात सोडा, माझी बांगडी फुटेल."

दुसऱ्या दिवशी विरले.

सुई एकच, भाजी रोज

आठवडाभर चिखलाच्या पाण्यात जायचं नाही असं सांगितलं होतं. टोळी माझ्याशिवाय गेली. मी घरी बसून रोज सकाळी खिडकीचे गज पाहायची.

मालकांनी भाजीचं मनावर घेतलं. रोज पहाटे बोडीच्या पाळीवर जायचे, दुपट्ट्यात तरोट्याची कोवळी पानं बांधून आणायचे. आयुष्यात कधी चुलीजवळ न बसलेला माणूस स्वतः पाला निवडायचा. फोडणी नाही, तेल नाही, नुसत्या पाण्यात उकडून. "औषध हाय, औषधात तेल टाकते का कोणी?" म्हणायचे. पहिला घास मी डोळे मिटून गिळला. घशाखाली सगळं लहानपण उतरलं. ते समोर बसून पाहत राहायचे, ताट रिकामं होईपर्यंत उठायचे नाहीत.

आणि गज सरळ व्हायला लागला. हळूहळू, पण खरंच. एका सकाळी मी पाहिलं तर मधल्या गजाचा बाक जवळजवळ गेला होता. मी मालकांना हाक मारली.

"पाहा!" ते म्हणाले. "भाजीनं केलं."

"सुईनंही असन ना."

"सुई त एकच व्हती. भाजी रोज हाय."

मला ते पटलं. पटावं असंच वाटत होतं. सुई परत नको होती. पुढची तारीख पोळ्याच्या वेळची होती. वैशाली पोळ्याला माहेरी पवनीकडं गेलेली. मालक म्हणाले, गर्दीत कुठं जातेस, सरळ दिसून राहिलं ना? मी मान हलवली. वैशालीनं फोन करून विचारलं, "बाबा, गेलते का नागपूरले?" तेव्हा ते म्हणाले, "हाव, गेलो व्हतो." मी बाजूलाच बसून लसूण सोलत होते.

काही दिवसांनी गज परत वाकला. मी कोणाला सांगितलं नाही. भाजी वाढवली. तरोटा निबर झाला होता, म्हणून शेवग्याचा पाला, चवळीचा पाला, जे हिरवं दिसेल ते, दोन्ही वेळ. गज आणखी वाकला. मी आणखी खाल्ली. मालक आणून टाकायचे आणि मी गिळायची, आणि दोघंही एकमेकांना विचारायचो नाही. त्या दिवसांत घरात इतकी शांतता होती की उकडत्या पाल्याचा आवाज ऐकू यायचा.

माहेराहून वैशाली परत आली. दारात उभी राहिली, पिशवी खाली ठेवली. मी तिच्याशी बोलत होते, प्रवास कसा झाला, जेवलीस का.

"आई," ती म्हणाली, "माह्याकडं पाहा ना. भिंतीकडं पाहून काहून बोलून राहिल्या?"

मी तिच्याकडंच पाहत होते. निदान मला तसं वाटत होतं. मग मी डोळे सरळ तिच्या तोंडावर आणले आणि तिचं नाक-तोंड पुसलेल्या पाटीसारखं झालं. पाण्याचा हात फिरवलेली पाटी. मी परत बाजूला पाहिलं, तर कडेनं ती दिसली. माझी आई बसायची तशी मी बसले होते.

"दुसरी सुई झाली नाही," मी म्हणाले.

वैशाली मालकांकडं वळली. सासऱ्यासमोर आवाज न चढवणारी पोरगी. "बाबा! तुमी त गेलो व्हतो म्हणाले!"

 मालकांनी हातातली भाजीची जुडी खाली ठेवली, परत उचलली, परत ठेवली.

सुशीला

नागपूरला लगेच जायचं होतं. औषधाला आणि प्रवासाला लागणारे पैसे घरात नव्हते, प्रमोदचा पगार व्हायचा होता. वैशाली मला न सांगता सुशीलाच्या घरी गेली. टोळीचे रोवणीचे पैसे सुशीलाजवळ असतात. दरवर्षी त्यातून बाया मिळून जेवण करतात, लुगडी घेतात.

सुशीला आली आणि माझ्यासमोर पाटावर बसली. वर्षभर आम्ही कामापुरतंच बोललो होतो.

"तुह्या सुनेनं सांगतलं," ती म्हणाली. "म्हणजे त्या वर्षी दोरी सरळच व्हती?"

"सरळच व्हती."

"अन् मी हाताची सालटं काढून तानत व्हती!"

"हाव."

"दिवसभर माह्या नावानं बोंबललीस तू."

मी रडायला लागले. तिनं मला रडू दिलं. मग कमरेची पिशवी काढून माझ्या मांडीवर ठेवली.

"बायांनी सारं मिळून देल्लं. यंदा जेवण नाही, लुगडं नाही. आता रडू नोको, डोळ्यात पाणी आधीच लय हाय म्हणते तुही डॉक्टरीण."

मला हसू आलं. रडता रडता नाकातून शेंबूड आला आणि ती आणखी हसली. "पुढच्या रोवणीत फेडशीन," जाता जाता म्हणाली. "दोरी धरून. दुसरी कोणी धरते त ओळी डुकराच्या वाटेवानी येते."

डॉक्टर बाई रागावल्या नाहीत. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. त्यांनी पहिला फोटो आणि आताचा फोटो शेजारी ठेवला आणि आम्हाला नुसतं पाहू दिलं. पाणी परत साचलं होतं, आधीपेक्षा जास्त. मालक उभे होते. त्यांनी हात जोडले आणि म्हणाले, "तिची चूक नाही, माही हाय."

"आता थांबेल का?" वैशालीनं विचारलं.

"प्रयत्न करू. सांगता येत नाही."

परत तेच कापड, तोच चिमटा, तोच दाब. या वेळी बुडबुड्यांना मी भ्याले नाही. भीती दुसरीच होती. एस.टी.त मी डोळे मिटून बसले होते, आणि मालक माझ्या कानाशी खिडकीबाहेरचं सांगत होते. आता भिवापूर आलं, आता मिरचीची वावरं लागली, हिरवी हिरवी. मी म्हणाले, मले दिसते अजून, बस करा. पुढच्या थांब्यापासून ते परत सांगायला लागले.

वाट पाहणं

पुढचे महिने फारसे लिहिण्यासारखे नाहीत. सगळे सारखेच होते. सकाळी खिडकीसमोर उभं राहायचं आणि उजवा झाकायचा. गज पाहायची भीती वाटायची, म्हणून मी आधी तोंड धुवायची, मग कोंबड्यांना दाणे टाकायची, मग उगाच दोन भांडी घासायची. मग पाहायची. कधी वाटायचं कमी झालं, कधी वाटायचं नाही. तारीख मात्र एकही चुकवली नाही.

भाजी सोडली नाही. नर्सबाईंना मालकांनी आपली पाण्यात उकडायची रीत सांगितली, तेव्हा त्यांनी कपाळाला हात लावला. पाल्यातलं ते जे काही डोळ्याला लागतं, ते तेलासोबत अंगी लागतं म्हणे. नुसतं पाण्यात उकडून अर्धं वाया. "अन् मी तेल वाचवून राहिलो," मालक म्हणाले. तेव्हापासून वैशाली लसणाची फोडणी देते, तिळाचा कूट टाकते, आणि एकट्या माझ्यासाठी नाही, सगळ्यांसाठी करते. मी आता सगळ्यांच्या सोबत बसून जेवते. तरोटा फोडणीत चांगला लागतो. माझ्या आईकडं तेव्हा तेल नव्हतं, एवढीच गोष्ट होती.

मालकांनी बिडी सोडली. सोडली म्हणजे घरात सोडली, मग अंगणात सोडली, मग एकदाची सोडली. रोज पाला मात्र तेच आणतात. मी एकदा म्हणाले, राहू द्या, बाजारातून वैशाली आणेल. ते म्हणाले, मले तेवढं करू दे.

उन्हाळ्यात डॉक्टर बाईंनी फोटो पाहिला आणि खुर्ची मागं सरकवून माझ्याकडं वळल्या. पाणी सुकलं होतं. मधल्या दिवसांत जेवढं गेलं तेवढं परत येणार नाही, तपासायला यावंच लागेल, पुढं सुई लागूही शकते. पण आज कोरडं आहे. तपासणाऱ्या मुलीनं परत ती चिन्हांची पाटी लावली, तेव्हा मी म्हणाले, "अक्षराची लावा. मले वाचता येते." माझाच आवाज मला अनोळखी वाटला. मोठ्या ओळी मी वाचल्या, मधल्याही वाचल्या. खालच्या नाही आल्या.

लीलाचं सांगायचं राहिलं. ती दवाखान्यात गेली. तिचे दोन्ही डोळे ठीक निघाले. चौकटीला खरंच वाळवी लागली होती, सुतारानं बोट घातलं तर आरपार गेलं. फोनवर ती खूप हसली, मीही हसले. पण मी तिला सांगितलं आहे, दर वर्षी दाखवायचं, आणि रोज एक डोळा झाकून, मग दुसरा झाकून, काहीतरी सरळ वस्तू पाहायची. दोन्ही उघडे ठेवून पाहिलं तर कळत नाही. वाकडं दिसलं तर डोळा बदलायचा नाही, आणि पिकायची वाट पाहायची नाही. आमची आई तशीच गेली, बाजूला पाहत.

यंदाची रोवणी

यंदा पऱ्हे चांगले आले. डॉक्टर बाईंनी परवानगी दिली, पण चिखल उडू नये म्हणून डोळ्यावर मोठा चष्मा लावायला सांगितला. तो लावून मी बांधीवर गेले तर एक बाई म्हणाली, "मोटारसायकल कुठी ठेवली वो?" साऱ्या हसल्या.

सुशीलानं दोरीचं एक टोक माझ्या हातात दिलं आणि ती पलीकडच्या धुऱ्यावर गेली. तिनं ताणली. मी वाकले. उजवा मिटला. डावा लगेच उघडला नाही, थोडा वेळ दोन्ही मिटूनच राहिले. बाया हातात पऱ्ह्याच्या जुड्या घेऊन उभ्या होत्या, कोणी घाई केली नाही.

"कशी हाय वो?" सुशीलानं विचारलं.

मी डोळा उघडला. मधात एक पुसट जागा आहे, ती राहणारच. पण दोरी तिच्यातून सरळ जात होती, धुऱ्यापासून धुऱ्यापर्यंत.

"सरळ हाय," मी म्हणाले.

"पक्कं?"

"पक्कं. रोवा."

सगळी रोवणी मी दोरी धरली. रोजची मजुरी सुशीला माझ्या नावानं टोळीत जमा करून ठेवायची, मी मागितली नाही. शेवटच्या बांधीच्या दिवशी धुऱ्यावर बसून तिनं एकेकीला पैसे वाटले. माझ्यापुढं आली तेव्हा मी हात पुढं केला नाही. तिनं माझा हात ओढून त्यात एक नोट ठेवली.

"हे काय?"

"तुहं कालच फिटलं. आजची मजुरी तुही."

मी उजवा डोळा मिटला आणि नोट डाव्याजवळ धरली. आकडा वाचता आला. बायांचे पैसे पूर्ण फिटले.